रंगूच्या दोन वेण्या

३ नोव्हेंबर १९७०, मंगळवार

डायरी गेल्या सालची आहे. सोसायटीच्या सेक्रेटरीनं वापरली नाही म्हणून मला दिली. छापलेले वार खोडून खरे वार लिहीत जाईन. धर्माच्या गाईला दात का नाहीत असं विचारू नये.

आज सकाळी टोळीचा ट्रक गेला. माझा गोरख, सूनबाई लंका आणि त्यांचं दीड वर्षाचं धाकटं, तिघं ऊस तोडायला कारखान्यावर गेली ती आता भर उन्हाळ्यात येतील. एरवी नातही जाते. या साली ती माझ्यापाशी राहिली. रंगू तिचं नाव. दहा वर्षांची आहे, चौथीत. चौथीचं हे तिचं दुसरं साल, कारण दिवाळीला सुटलेली शाळा तिची पुन्हा भरतच नाही.

लंकाचा शाळेला विरोध नाही. तिला भीती आहे ती पोरीच्या डोक्याची. दोन सालांमागं रंगूला अशीच मावशीकडं ठेवली होती. डोक्याकडं कोणी बघितलं नाही. उवा झाल्या, खाजवून जखमा झाल्या, त्यात ताप भरला. शेवटी न्हाव्यापुढं बसवून सगळं डोकं भादरावं लागलं. पोरं “बोडकी, बोडकी” करून मागं लागायची. दोन महिने पोरीनं डोक्यावरचं फडकं काढलं नाही. आता कुठं केस पाठीवर आलेत.

ट्रक उभा असताना लंका म्हणाली, “मामा, भाकरी तुमी थापता, कपडे ती धुती, ते समदं ठीक. पर हिची वेनी कोन घालनार? शेजारच्या साळूआत्याला तर दिसत न्हाई.”

“मी घालीन.”

“तुमी?”

“अगं, गावातल्या निम्म्या बैलांचे कासरे माझ्या हातचे हायेत. आठ-आठ पेडांचं दावं वळतो मी. तीन पेडांचं काय घेऊन बसलीस?”

लंका पदराआड हसली. पण मग तोंड घट्ट करून बोलली, “संक्रांतीला मुकादमाचा ट्रक राहिलेली मानसं न्यायला येनार हाय. संगं मुकादमाच्या कडूबाई येतील. त्यांना सांगून ठिवते, हिचं डोकं उन्हात धरून बघा. एक जरी ऊ घावली, तर हिला त्याच ट्रकात घालून आना. मला पुन्यांदा ती न्हाव्यापुढं बसलेली बघायची न्हाई.”

मी हो म्हणालो. पोरीनं माझं बोट धरलं होतं ते ट्रक वळणाआड जाईस्तोवर सोडलं नाही. लंकानं जाताना घातलेली वेणी चार दिवस टिकेल म्हणे. पुढं माझं राज्य.

७ नोव्हेंबर, शनिवार

माझं राज्य पहिल्याच दिवशी बुडालं.

वेणी मी दोरासारखी घातली. आधी केस पाण्यानं भिजवले, कारण कोरडी अंबाडी पीळ धरत नाही. मग रंगूला खांबाला धरून बसवली, पाय लावला नाही एवढंच, आणि ओढून ओढून तीन पेड वळले. झालं तेव्हा वेणी अशी ताठ, की तिनं मान हलवली तरी वेणी हलेना. मी खूश. शेजारच्या साळूबाई उंबऱ्यावरनं म्हणाल्या, “काय वं नाथबुवा, मला दिसत न्हाई म्हनत्यात, पर पोरीच्या भिवया कपाळावर चढलेल्या मला हितनं दिसत्यात.”

खरंच चढल्या होत्या. दुपारी शाळेतनं आली ती डोळे ताणून धरल्यासारखी. “आबा, डोळं मिटत न्हाईत,” म्हणाली. कपाळ ठणकत होतं. वेणी सोडली तर केस आपण होऊन वर राहिले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं.

पोरं तिला “कासरा” म्हणाली. बोडकीपेक्षा बरं, असं मी म्हटलं. ती हसली नाही.

९ नोव्हेंबर, सोमवार

आज ढिली घातली. दुपारपर्यंत सुटली. शाळेत नव्या बाई आल्यात, केडगावच्या. त्यांचा कायदा, दोन वेण्या, वर दुमडून लाल रिबीन. दर शनिवारी नखं, दात आणि डोकं तपासतात. बाई रंगूला म्हणाल्या, “घरी कुणी नाही का गं केस बांधणारं?” पोरगी म्हणाली, “हायेत की. आबा हायेत.” सगळा वर्ग हसला म्हणे.

पोर खेळायला गेल्यावर एकटा बसलो आणि एक गोष्ट ध्यानात आली. माझी बायको गोजर, तिला जाऊन सहा वर्षं झाली. अडतीस वर्षं संसार केला. तिनं आपला अंबाडा कधी बांधला ते मी एकदाही बघितलेलं नाही. मी उठायच्या आत तिचे केस बांधून झालेले असत. आरसा न घेता, अंधारात, तीन आकड्यांत. लग्नकार्याला खोपा, पोळ्याला पाठीवर वेणी, कुणाच्या मयताला नुसती गाठ. बाईमाणूस दिवस उगवायच्या आत निम्मा दिवस उरकतं आणि आपल्याला वाटतं, केस आपले आपणच बांधले जातात.

तिची लाकडी फणी आणि तळहाताएवढा आरसा कोनाड्यात आहे. फणी काढून पुसली.

२१ नोव्हेंबर, शनिवार

उवा आल्याच. शाळेतनं येतात, घरच्या कुठल्या येणार? शनिवारच्या तपासणीआधी घालवायच्या म्हणून काल संध्याकाळी करंजाचं तेल चोळलं. बैलांच्या गोचिडांना मी तेच लावतो. एकदा लावलं की गोचीड मागं वळून बघत नाही.

तपासणीत ऊ सापडली नाही. पण रंगूच्या दोन्ही बाजूच्या पोरी उठून दुसरीकडं बसल्या. बाईंनी तिला खिडकीपाशी बसवलं, आणि थोड्या वेळानं खिडकीबाहेर.

साळूबाई म्हणाल्या, “पोरीचं डोकं हाय का बैलाचं वशिंड? करंज लावला तर दुसऱ्या दिशी शिकेकाईनं न्हाऊ घालायचं असतं, येवढं तुमच्या गोजरनं शिकवलं न्हाई व्हय?”

“मला काय शिकवायचं राहिलं, ते आता कळाया लागलंय,” मी म्हटलं. म्हातारीनं आतनं ओंजळभर शिकेकाई आणून दिली.

उद्या रविवार. उद्या न्हाणं.

२९ नोव्हेंबर, रविवार

हात बसू लागला आहे. ओढायचं किती आणि सोडायचं किती, हे केसांचं गणित दोराहून वेगळं आहे. दोर बैलासाठी असतो, त्यानं तुटू नये. वेणी पोरीसाठी असते, तिनं रडू नये. एवढं समजायला मला सव्वीस दिवस लागले.

भांग मात्र वाकडा पडतो. नांगर धरला तर मी शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तास सरळ नेतो. दहा वर्षांच्या पोरीच्या टाळूवर चार बोटं रेघ सरळ येत नाही.

आज सहज बोलून गेलो, “रंगे, तुझी वेणी घालायची असती म्हनून सकाळी उठाया बरं वाटतं बघ. न्हाईतर मला काय, उठलो काय, न उठलो काय.” ती लांब बघत बसली. मग म्हणाली, “मंग रोज तुमीच घालायची.”

“मंग दुसरं कोन घालनार?” मी म्हटलं.

६ डिसेंबर, रविवार

एक नवल लिहून ठेवतो. सकाळी मी घालतो तेव्हा भांग वाकडा असतो आणि डावी वेणी उजवीपेक्षा जाड. संध्याकाळी पोर घरी येते तेव्हा भांग सरळ आणि दोन्ही वेण्या सारख्या. चार दिवस बघतोय. मला वाटतं केस दिवसभरात आपले आपण बसत असावेत. नवा दोर असाच असतो. वळला तेव्हा खडबडीत, दिवसभर वापरला की सरळ होतो.

दुसरी गोष्ट, कोनाड्यातला आरसा दिसेना. उंदरानं नेला म्हणावं तर उंदराला आरसा कशाला? मग तो रंगूच्या दप्तरात सापडला. विचारलं तर म्हणाली, “बाईंनी आनायला सांगितलाय. उन्हाचा कवडसा भिंतीवर कसा पडतो ते शिकवत्यात.” शाळा सुधारली म्हणायची. आमच्या वेळी गुरुजींच्या छडीशिवाय दुसरा कवडसा नव्हता, तोही मी शाळेच्या बाहेरनंच बघितला. मी अक्षरं शिकलो ती चाळिशीत, पोथीवर बोट ठेवून.

१७ डिसेंबर, गुरुवार

रंगूनं आमच्या घराण्याचा गुण घेतला. आज संध्याकाळी परसात बघतो तर तिनं अंबाडीचा झुबका खुंटीला बांधलाय, खुंटीकडं पाठ करून उभी आहे, आणि हात मागं नेऊन वळतीय.

“अगं खुळे, दोर समोर ठिवून वळत्यात.”

ती दचकली. “असंबी येतं का बघत हुते.”

“पाठीमागनं काय दिसनार तुला?”

“दिसत न्हाई, पर हाताला कळतं,” म्हणाली.

वळलेला भाग बघितला. पेड सारखे होते. हात चांगला आहे, फक्त पद्धत उलटी. मोठी झाली की सुधारेल. शेळीच्या दाढीचीही बारीक वेणी घातलेली दिसली. तीही चांगली होती. शेळी मात्र दिवसभर नाराज.

११ जानेवारी १९७१, सोमवार

डायरीची मागची पानं संपली म्हणून पुढच्या पानांवर आलो आहे.

आज घात झाला. दोराला पीळ देताना लोखंडी आकडा निसटला आणि उजव्या अंगठ्यावर बसला. नख काळंनिळं, अंगठा वांग्याएवढा. हळद बांधली आहे. हे डाव्या हातानं लिहितोय, म्हणून अक्षर असं.

गुरुवारी संक्रांत. कडूबाई येणार. वेणी कोण घालणार? साळूबाईच्या नजरेला उजेडातही माणूस नुसतं सावलीसारखं दिसतं. लंकाला शब्द दिला आहे. पोरीनं दोन महिन्यांत एक दिवस शाळा चुकवली नाही. गणितात बाईंनी तिला पाटीवर “छान” लिहून दिलं, ती पाटी तिनं दोन दिवस पुसू दिली नाही. एका अंगठ्यापायी हे सगळं ट्रकात बसून जाईल की काय, या विचारानं भाकरी गोड लागली नाही.

रंगू म्हणाली, “आबा, नगा काळजी करू.” लहान पोरांना काय, काळजी म्हणजे काय ते ठाऊक नसतं.

१३ जानेवारी, बुधवार. भोगी

आज भोगीचं न्हाणं. न खाई भोगी तो सदा रोगी, आणि भोगीला तीळ लावून डोक्यावरनं न्हायचं, ही गोजरची शिस्त. म्हणून मी पाट्यावर तीळ वाटले. डाव्या हातानं वाटले, म्हणजे निम्मे वाटले गेले, निम्मे नुसते घाबरले. तेच रंगूच्या डोक्याला चोळले, पाणी घातलं. पाणी बेतानंच घातलं, आडाचा तळ दिसायला लागलाय. केस मऊ झाले, चकाकले. उद्या कडूबाईनं कितीही बघितलं तरी स्वच्छ डोकं दिसेल.

मन थोडं हलकं झालं.

१४ जानेवारी, गुरुवार. संक्रांत

सगळं क्रमानं लिहितो.

सकाळी वेणीचा प्रश्न. रंगू म्हणाली, “आबा, तुमी सांगा, मी हात चालवते.” मग मी तिच्या मागं बसलो आणि सांगू लागलो. डावा पेड मधल्यावर, उजवा मधल्यावर, ओढ थोडी, आता सोड. ती हात मागं नेऊन वळत गेली. कधी कधी माझं सांगून व्हायच्या आतच हात पुढं जायचा. मी म्हटलं, सावकाश. केस खांद्यावरनं पुढं घेऊन टोक तिनंच बांधलं. दोन सुंदर वेण्या झाल्या. खरं सांगायचं तर मी घालतो त्याहून बऱ्या. हात तिचे, पण पीळ माझा. शिकवणारा चांगला असला की पोर चुकत नाही.

दुपारी कडूबाई आल्या. नाकात नथ, हातात खराट्याची काडी. चहा नको, तीळगूळ नको. “आधी डोकं.” रंगूला अंगणात उन्हात बसवली. साळूबाई काठी टेकत आल्या, त्यांना दिसत नाही पण राहवतही नाही.

कडूबाईंनी वेण्या सोडल्या, काडीनं केस बाजूला केले, आणि त्यांचा हात थांबला.

“अगं आई गं! लिखा!”

मी म्हटलं, “कुठं?”

“कुठं काय, समद्या डोक्यात! हिकडं बघा. हिकडं. कानामागं तर थरच हाय. नाथबुवा, दोन म्हैने काय केलं वं तुमी? लंकानं मला शपथ घातलीय. पोरी, ऊठ. बोचकं बांध.”

रंगू उठली नाही. बसल्या जागी तिनं दोन्ही हात डोक्यावर घेतले. दोन सालांमागं त्या फडक्यावर धरायची, तसेच. रडली नाही. ते मला बघवलं नाही.

मी खाली वाकून बघितलं. पांढरे, चपटे, बारीक दाणे. मला एकदम पाटा आठवला. “कडूबाई, थांबा. ह्ये तीळ हायेत.”

“आता आणखी तीळ म्हना! संक्रांत हाय म्हनून काय लिखांचे तीळ हुत्यात?”

“भोगीचं न्हानं घातलं मी काल. वाटून लावले हुते.”

“ऊ मारती नखावर मी, मला शिकवू नगा,” असं म्हणत त्यांनी एक दाणा काढून नखावर धरला. मी तो त्यांच्या नखावरनं उचलला आणि तोंडात टाकला. चावला.

कडूबाई किंचाळल्या. साळूबाईंना दिसलं नाही, त्या विचारायला लागल्या, “काय झालं? काय झालं गं?” कडूबाई म्हणाल्या, “बुवांनी लीख खाल्ली!”

“गोड हाय,” मी म्हटलं. आणि दुसरा काढून त्यांच्या हातावर ठेवला. “दाबून बघा. तेल सुटंल.”

त्यांनी दोन नखांत धरून दाबला. तेल सुटलं. वास घेतला. मग आणखी एक दाबला. मग कानामागचा. मग कडूबाई हसू लागल्या, इतक्या हसल्या की नथ हातानं धरावी लागली. “तीळ हायेत गं बया! न्हाऊ घातलं का चटनी लावली वं डोक्याला?”

साळूबाई म्हणाल्या, “तरी मी म्हनत हुते, सकाळपासनं पोरीला तिळाचा वास येतोय.” काही म्हणत नव्हत्या त्या.

मग कडूबाईंनी सगळं डोकं अर्धा तास बघितलं. ऊ नाही, लीख नाही, जखम नाही. “लंकाला सांगते, डोकं लेकीचं हाय, पर वास सुगरनीचा हाय,” म्हणाल्या. जाताना विचारलं, “वेन्या कुनी घातल्या हुत्या गं? लई नीट हुत्या.”

“आबांनी,” रंगू म्हणाली. माझा बांधलेला अंगठा समोर असताना. खरं तर ती म्हणू शकली असती, की आबांनी सांगितलं आणि मी वळलं. पण पोरीला मोठेपणा घ्यायची सवय नाही.

ट्रक गेला तेव्हा आम्ही दोघं अंगणात एकमेकांच्या डोक्यातले तीळ काढत बसलो होतो. माझ्याही मिशीत होते. हायसं वाटणं म्हणजे काय, ते आज कळलं. उपाशी असून पोट भरल्यासारखं वाटतं.

२६ जानेवारी, मंगळवार

झेंडावंदन. पांढऱ्या रिबिनी हव्या होत्या. माझ्या जुन्या धोतराचा काठ फाडून दिला. अंगठा बरा आहे, वेण्या मीच घातल्या. भांग वाकडा. संध्याकाळी सरळ. केस बसले.

१७ मार्च, बुधवार

काल रंगपंचमी, मढीची यात्रा. माझं नाव कानिफनाथ ते मढीच्या नवसाचं, म्हणून यात्रा चुकवत नाही. येष्टीत पाय ठेवायला जागा नव्हती, जीपच्या मागं लोंबकळत गेलो.

यात्रेला रोजच्या शाळेच्या वेण्या कशा चालतील? मी रंगूला म्हटलं, “आज तुला अशी वेनी घालतो, की तुझ्या बाईनं बघितली नसंल.” आणि पाचपेडी घातली. गोफणीचा पट्टा वळतो तशी, एक पेड वरनं, एक खालनं, मधे पट्टी रुंद होत जाते. बारा वर्षांचा असल्यापासून मी गोफणी वळतो, पाखरं हाकतो. केसात ती पहिल्यांदाच घातली. हातानं आपण होऊन केलं, मी नुसता बघत बसलो.

यात्रेत तीन बायकांनी थांबवून विचारलं, ही कुठली वेणी? रंगू मान न वळवता सांगायची, “गोफनवेनी. आमच्या आबांची.” गाढवांच्या बाजारातला एक जण मला म्हणाला, “आमच्या जनावराच्या आयाळीला घालशीला का?” मी म्हटलं, “पोरीचं बघून जनावराला नको. जनावराचं शिकून पोरीला घातलं, तेवढं बास.”

आज शाळा होती. रंगूनं वेणी सोडली नाही. दोन वेण्यांचा कायदा मोडून तशीच गेली. बाईंनी रागवायचं सोडून मागनं फिरून फिरून बघितली म्हणे.

२० मार्च, शनिवार

वेणी आजही सोडली नाही. चार दिवस झाले, सगळ्या बाजूंनी केस निघालेत, झोपून झोपून चपटी झाली आहे. मी म्हटलं, सोड आता, पुन्हा घालीन. म्हणाली, “आजचा दिस.” हिला काय एवढं वाटतं कोण जाणे.

१२ एप्रिल, सोमवार

चौथीची परीक्षा आज सुरू. मला जाग यायला उशीर झाला. रात्री तिचे पाढे ऐकत बसलो होतो, सत्तावीसवर मलाच झोप लागली. उठलो तर पोर तयार. दोन वेण्या, रिबिनी, सगळं.

“कुनी घातल्या गं?”

ती घाबरल्यासारखी झाली. “तुमी झोपला हुता. म्हनून आपल्या गुंडाळल्या कशातरी.”

गुंडाळलेल्या बऱ्या दिसत होत्या. संक्रांतीला मी सांगितलेलं तिच्या ध्यानात राहिलंय म्हणायचं. मी तिला म्हटलं, “बस, मी नीट घालून देतो.” परीक्षेची घाई असून पोर बसली. मी सोडून पुन्हा घातल्या. चुळबूळ केली नाही. उलट तोंडावर हसू होतं. परीक्षेची भीती नाही, चांगलं लक्षण.

२९ एप्रिल, गुरुवार

कारखान्याचा पट्टा पडला, या सालचं गाळप संपलं. टोळी आज दुपारी आली. गोरख काळा पडलाय, धाकटं चालायला लागलंय. लंकाच्या हाताला पाचटाच्या चिरा. टोपलं खाली ठेवायच्या आत तिनं रंगूला जवळ ओढलं आणि डोक्यावरनं हात फिरवला. कडूबाईनं तिळाची गोष्ट सगळ्या फडाला सांगितली होती, लंकाला ती पाठ होती. तरी डोकं बघितलंच. काही सापडलं नाही.

मग तिनं दोन्ही वेण्या हातात घेतल्या. घेऊन बघत राहिली. टोकापर्यंत बोट फिरवलं. वेणी वरनं मागं पडलेली आणि खाली खांद्याकडं वळलेली होती, तिथं तिचं बोट थांबलं.

“कोन घालतं गं वेनी?”

“आबा,” रंगू म्हणाली. लगेच.

लंकानं माझ्याकडं बघितलं. मग पोरीकडं बघितलं. पोरीनं आईकडं बघितलं आणि खाली बघितलं. लंकाच्या डोळ्यांत पाणी आलं, का आलं मला समजलं नाही. सहा महिन्यांनी लेक दिसली, येणारच. पदरानं पुसून ती म्हणाली, “मामा, लई झ्याक शिकवलीत.”

“आमचा हातच तसा हाय,” मी म्हटलं.

“व्हय,” ती म्हणाली. “आता पुढल्या दिवाळीला मला घोर न्हाई. हिला हितंच ठिवायची. पाचवीला, सहावीला, जितकी शिकंल तितकी.”

गोरखनं विचारलं, “आन डोक्याचं?”

“डोक्याचं मी बघितलं,” लंका म्हणाली.

एवढं ऐकून मी गोठ्यात गेलो, कारण माणसांत मला तसं तोंड करायला आवडत नाही. शेळीच्या गळ्यात पडलो. शेळी नाराज झाली.

३ मे, सोमवार

सुट्टी लागली. रंगू चौथी पास. सत्तावन्न मुलांत सातवी.

आज सकाळी उठून बसलो आणि मनात म्हटलं, आता आई आली. आता आपलं काम संपलं. फणी कोनाड्यात ठेवायची, आरशाच्या शेजारी. आरसाही परत आला आहे, बाईंचं उजेडाचं शिकवून झालं असेल.

फणी ठेवायला उठलो तर रंगू समोर येऊन बसली. पाठ करून, केस सोडून. आई चुलीपाशी, चार हातांवर.

“अगं, आई हाय की आता.”

“तुमीच घाला.”

लंकाकडं बघितलं. ती भाकरी उलटवत होती, वर न बघता म्हणाली, “घाला की मामा. तिचं तुमच्याबिगर भागत न्हाई.”

घातली. सावकाश घातली, शाळेची घाई नव्हती. अंगठ्याच्या नखाला जिथं नवी रेघ आली आहे तिथं केस अडकत होते, पोरगी कुरकुरली नाही. दिवसभर ती धाकट्याला कडेवर घेऊन हिंडली, चिंचेखाली खेळली, आडावर गेली.

आत्ता दिवस मावळताना घरी आली. वेण्या जशा घातल्या तशाच, डावी जाड, उजवी बारीक. भांग सकाळइतकाच वाकडा. सुट्टीत केस बसत नाहीत वाटतं. असू दे. पोरीला सांगितलं तर तिनं आरसा न घेताच भांगावरनं बोट फिरवलं आणि म्हणाली, “असाच हवा.”